वाचक विचारतात : डिझेल 'आरएस' संसाराला चालेल का?

प्रश्न : आम्ही स्टुटगार्टला राहतो. मुलं दहा आणि सात वर्षांची. उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून तीन महिने येतात. ऑफिसला मी ट्रेनने जातो, गाडी लागते ती लांबच्या भटकंतीला. 2013 ची आउडी एसक्यू5 आणि 2019 ची स्कोडा कोडिअ‍ॅक आरएस, दोन्ही डिझेल, मनात भरल्यात. बायको म्हणते, आरएस ही स्पोर्टी आवृत्ती म्हणजे नुसता साज. काय करू?

उत्तर : एसक्यू5 चा विषय आधी संपवू. तीन लिटरचं व्ही6 इंजिन, 313 पीएस (अश्वशक्ती), ताशी शंभरचा वेग 5.1 सेकंदांत. कोणाचाही जीव अडकेल. पण तुम्ही सहा जण, तिच्यात जागा पाच. शिवाय ती युरो 5, म्हणजे जुन्या प्रदूषण-मानकाची. स्टुटगार्टात जुन्या डिझेलवर कशी बंधनं येत गेली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

आता कोडिअ‍ॅक. वहिनींचं निम्मं बरोबर आहे. काळी जाळी, लाल शिलाई हा साजच. आत ऐकू येणारी घुरघुर तर बरीचशी स्पीकरची करामत. मला तो प्रकार पोरकट वाटतो. 2018 मध्ये जर्मन रेसर साबिने श्मिट्झ यांनी हीच गाडी न्यूरबुर्गरिंग या रेसट्रॅकवर 9 मिनिटं 29.84 सेकंदांत फिरवली, पण त्यांच्या मागे तुमचे बाबा बसले नव्हते.

उरलेलं निम्मं मात्र बॉनेटखाली आहे. दोन टर्बोचं दोन लिटर इंजिन, 240 पीएस आणि 500 न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याची ताकद), तोही साधारण 1,750 आरपीएमपासून. उल्मकडे जाताना ए8 महामार्गावरचा चढ आठवा. गाडीत सहा माणसं, टपावर सामानाची पेटी, पुढे रांगणारा ट्रक. तिथे ही गाडी इंजिन न किंचाळवता ओव्हरटेक करून मोकळी होते. डिझेलची खरी मजा ती, सात सेकंदांत शंभर गाठण्यात नाही.

बसण्याचं गणित असं : तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतील, म्हणून तिथे मुलं. जर्मनीत बारा वर्षं किंवा दीडशे सेंटीमीटर उंची होईपर्यंत चाइल्ड सीट लागते. तुमच्या मुलांची सीट पट्ट्याने बसणारी हवी, कारण तिसऱ्या रांगेत आयसोफिक्स, म्हणजे सीट थेट गाडीला अडकवायची सोय, नाही. मधली रांग पुढे-मागे सरकते, आजी-आजोबा तिथे ऐसपैस बसतील. मात्र तिसरी रांग उभी केली की डिकी जवळजवळ गेलीच. टपावरच्या पेटीचा खर्च आत्ताच धरा.

20 इंची चाकं दिसतात झकास, पण टायरची भिंत बुटकी, त्यामुळे खड्डा थेट कंबरेला कळतो. माझी कंबर दुखरी आहे, म्हणून हे मी हटकून बघतो. सस्पेन्शन 'कम्फर्ट'वर ठेवा आणि हिवाळी टायर गाडीच्या कागदपत्रांत मान्य असलेल्या लहान मापाचे घ्या. ते स्वस्तही पडतात.

तुम्ही ट्रेनने जाता, हे मला सगळ्यात आवडलं. डिझेलच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या गाळणीत, साचलेली काजळी जळायला धूर पुरेसा तापावा लागतो. रोज चार किलोमीटर शाळा-बाजार केला, तर ते जमत नाही आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. तुमच्यासारख्या लांब पल्ल्यावर तो त्रास सहसा नाही. म्हणजे घ्या. फक्त डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल वेळेवर बदलल्याची नोंद सर्व्हिसच्या कागदांत नसेल, तर भाव पाडून मागा. मोटार-कर डिझेलला दर 100 सीसीमागे 9.50 युरो, वर कार्बनचा वेगळा, हेही हिशेबात धरा.

प्रश्न : कोडिअ‍ॅक तर आमच्या शेंद्र्यातच जुळवायचे. ही डिझेल आरएस इथे सेकंडहँड मिळेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. इथली डिझेल 150 पीएसची होती आणि 2020 मध्ये बीएस6 प्रदूषण-नियम आल्यावर तीही बंद झाली. आरएसचे बिल्ले लावलेली कोणी दाखवली, तर बिल्ल्यांचे पैसे देऊ नका.