मोठ्या टेक कंपन्या त्यांच्या ‘व्हिजन’मुळे तरतात किंवा बुडतात, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की व्हिजन हा नुसता वार्षिक अहवालात छापायचा शब्द आहे, की त्यावर कंपनीचं खरंच काही ठरतं. मॅनेजमेंट मी शिकलेलो नाही. पण १९९८ ते २००६ साताऱ्यातल्या एका कलर लॅबमध्ये मशीनवर होतो आणि अमेरिकेची कोडॅक आणि जपानची फुजी, या दोन कंपन्यांच्या फिल्म रोज हाताखालून जायच्या. तेव्हा त्या दोन कंपन्यांवरूनच सांगतो.

छत्तीस फोटोंचा रोल लोक गणपतीत भरायचे आणि दिवाळीपर्यंत पुरवायचे. उरलेले एक-दोन फोटो आमच्या काउंटरसमोर उभं राहून एकमेकांचे काढायचे आणि रोल आमच्या हातात द्यायचे. (फुजीची डबी पारदर्शक, ती परत मागून न्यायचे, सुपारी ठेवायला. कोडॅकची काळी डबी आमच्याकडेच साठायची.) कंपनीचा धंदा यातच होता. कॅमेरा गिऱ्हाईक एकदा घेणार. रोल, केमिकल आणि कागद मात्र जन्मभर. दुभती म्हैस म्हणा ना.

ही म्हैस आटणार हे कोडॅकला कळलंच नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. डिजिटल कॅमेरा १९७५ साली बनवला तो कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने. ०.०१ मेगापिक्सेल, वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. १९८१ मध्ये सोनीने माविका हा बिनफिल्मचा कॅमेरा दाखवल्यावर कोडॅकने अभ्यास करवून घेतला. डिजिटल फिल्मची जागा घेईल, पण हाताशी दहाएक वर्षं आहेत, असं त्यात निघालं. पुढे २००५ मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त डिजिटल कॅमेरे कोडॅकचेच खपले. म्हणजे दिसत होतं, हातपायही मारले होते.

आणि व्हिजन म्हणाल तर ते इतकं स्वच्छ होतं की बघायलाच नको. १९८८ मध्ये त्यांनी स्टर्लिंग ड्रग ही औषधकंपनी घेतली होती. १९९४ मध्ये ती विकली, ईस्टमन केमिकल ही आपली रसायनांची शाखाही वेगळी काढली. कर्ज फेडायचं होतं, आणि आपलं काम फोटोचं, बाकी पसारा नको, असं ठरलं होतं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण फोटो म्हणजे शेवटी कागदावर उतरणारी वस्तू, ही समजूत काही सुटली नाही. दुकानात प्रिंट काढायचे किऑस्क झाले, २००७ मध्ये घरगुती इंकजेट प्रिंटर आणले. लोक फोटो फोनमध्येच बघतील आणि कागद मागणारच नाहीत, याला त्या चित्रात जागाच नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

फुजीलाही तोच तडाखा बसला. रंगीत फिल्मचा खप २००० साली शिखरावर होता. पुढच्या दहा वर्षांत तो दहाव्या हिश्शाच्याही खाली आला. शिगेताका कोमोरी तेव्हा प्रमुख होते. कंपनीला नेमकं येतं काय, याची त्यांनी यादी करायला लावली. फिल्मवाल्यांना जे येतं ते आम्ही मशीनवर बसूनही कधी लक्षात घेतलं नव्हतं: केसाहून पातळ जागेत वीसेक थर बिनचूक चढवणं. त्या थरांतलं जिलेटिन म्हणजे कोलॅजनच. आणि फोटो विटू नये म्हणून जी रसायनं वापरायची, तशीच त्वचेलाही कामी येतात. म्हणून २००७ मध्ये फुजीने ॲस्टालिफ्ट नावाने चेहऱ्याची क्रीम आणली. फोटोवाल्यांची क्रीम! आम्ही लॅबमध्ये पोट धरून हसलो असतो. एलसीडीच्या पडद्यात लागणारी टीएसी फिल्म तर त्याहून मोठा धंदा ठरली. २००८ मध्ये टोयामा केमिकल ही औषधकंपनी घेतली. कोविडात आपल्याकडे मुंबईच्या ग्लेनमार्कने फॅबिफ्लू नावाचं औषध विकलं, त्यातलं फॅविपिराविर हे द्रव्य मूळचं या टोयामाचं. त्याचा गुण किती आला हा वाद वेगळा.

फुजीचं हे फुकटात झालेलं नाही. फोटो विभागातून हजारो माणसं कमी केली, कारखाने बंद केले. नशीबही थोडं होतंच, एलसीडीची लाट नेमकी त्याच वर्षांत आली. पण माझ्या मते फरक इथे पडला: कोडॅकने स्वतःची ओळख विकायच्या वस्तूवरून सांगितली, फुजीने हातातल्या कसबावरून. वस्तू गेली तेव्हा फुजीकडे विकायला दुसरं काही उरलं होतं.

आमच्या मालकांनी यातलं काही वाचलं नव्हतं. २००५ च्या सुमारास रोल आटायला लागले तेव्हा ते म्हणाले, ‘‘लोक लग्न करायचे थांबलेत का?’’ आणि करिझ्मा अल्बमचं, म्हणजे लग्नाचे फोटो संगणकावर जुळवून पुस्तकासारखे छापायचं काम धरलं. रंग जुळवायची नजर होती, फोटोग्राफर ओळखीचे होते. मशीन भंगारात गेलं. माझी नोकरीही गेली, कारण मला फोटोशॉप येत नव्हतं. अल्बमचं दुकान अजून चालू आहे.