वेबसाईटवरचं अ‍ॅनिमेशन स्लो नेटवर कसं लोड होतं ते कसं तपासायचं?

वेगळं सॉफ्टवेअर नको, क्रोममध्येच सोय आहे. एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जा, तिथे 'नो थ्रॉटलिंग' (म्हणजे स्पीड कमी केलेला नाही) लिहिलेला ड्रॉपडाऊन असतो त्यातून ३जी निवडा आणि 'डिसेबल कॅशे'वर टिक करून पेज रिलोड करा. ही टिक विसरू नका, नाहीतर फाईल आधीच डाऊनलोड झालेली असते आणि स्लो नेटवरही सगळं मस्त पळतंय असं वाटतं. त्याच ड्रॉपडाऊनमध्ये स्वतःचा स्पीडही टाकता येतो, मी ४०० केबीपीएस (सेकंदाला ४०० किलोबिट) टाकून बघतो, १ एमबीची फाईल त्यात साधारण २० सेकंद घेते, आणि तेवढा वेळ समोर रिकामा चौकोन बघत कोण थांबणार?

फाईल कुठली आहे यावरही बरंच आहे. जीआयएफ जसजशी येते तशी अडखळत का होईना दिसायला लागते, लॉटीची (कोडमधून चालणारं अ‍ॅनिमेशन) जेसॉन फाईल मात्र पूर्ण उतरल्याशिवाय हलतच नाही, आणि एमपी४ मध्ये इंडेक्सची माहिती (फाईलमध्ये काय कुठे आहे त्याची यादी) बऱ्याचदा फाईलच्या शेवटी असते म्हणून सुरू व्हायला उशीर होतो, ती एफएफएमपेग या व्हिडिओ टूलच्या फास्टस्टार्ट ऑप्शनने पुढे आणता येते, सोबत '-c copy' दिलं की क्वालिटीला धक्का लागत नाही, हे तर कराच.

पूर्वी फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बँडविड्थ प्रोफायलर होता, कुठल्या फ्रेमला अडकणार ते ग्राफवरच दिसायचं, फार कामाची गोष्ट होती ती.

शेवटी एकदा स्वस्तातल्या खऱ्या फोनवर, रेंज कमी असेल तिथे बघाच, कारण क्रोम स्पीड कमी करतं पण रेंज जाते-येते तेव्हा काय होतं ते असं कळत नाही.