तू काढलेले किरण

अनेक आशीर्वाद.

इटालियन चित्रकार काराव्हाज्योच्या ‘संत फ्रान्सिस’ या चित्राची तू केलेली नक्कल मिळाली. झग्याच्या चुण्या सुरेख उतरल्यात. पण वरच्या कोपऱ्यातून तू जे किरण सोडलेस, ते मूळ चित्रात नाहीत. आज तेवढ्याबद्दलच लिहितो.

प्रसंग तुला ठाऊक आहे. 1224 साली इटलीतल्या ला व्हेर्नाच्या डोंगरावर उपास-प्रार्थनेत असलेल्या फ्रान्सिसला सहा पंखांचा देवदूत दिसला आणि ख्रिस्ताच्या जखमा त्याच्या देहावर उमटल्या, अशी श्रद्धा. काराव्हाज्योच्या कितीतरी आधीच्या जोत्तो या चित्रकाराने हे रंगवताना देवदूत आकाशात दाखवला आणि तिथून सोनेरी रेघा थेट फ्रान्सिसच्या हातापायांवर आणल्या. फ्रान्सिस गुडघ्यावर, हात उंचावलेले. कोणाकडून काय आलं आणि कुठे पोचलं, सगळं डोळ्यांसमोर.

काराव्हाज्योने 1595च्या सुमारास, जेमतेम चोविशीत, हे सगळं काढून टाकलं. सहा पंख नाहीत, रेघा नाहीत. त्याचा फ्रान्सिस जमिनीवर मागे कलंडलाय आणि एका पोरसवदा देवदूताने त्याला सावरून धरलंय. हातापायांवर घाव शोधत बसू नकोस. छातीजवळ झग्याला फट आहे, तिथे बघ. डोळेही पुरते मिटलेले नाहीत. हे त्याचं पहिलं धार्मिक चित्र मानतात, आणि पहिल्याच खेपेला चमत्कार वगळून माणूस ठेवायची छाती त्याने दाखवली, याचं मला अजून नवल वाटतं.

प्रकाश मात्र आहे. देवदूताच्या उघड्या खांद्यावर, फ्रान्सिसच्या चेहऱ्यावर. तो कुठून येतो हे चित्रात कुठेच दिसत नाही. तू किरण काढलेस आणि त्या न दिसण्याचं उत्तर देऊन टाकलंस.

किरण म्हणजे चूक, असं नाही. पन्नासेक वर्षांनी शिल्पकार बेर्निनीने रोममध्ये संत तेरेसाची भावसमाधी संगमरवरात घडवली, तेव्हा मुलामा दिलेले किरण मागे उभे केले आणि वरून लपलेल्या खिडकीतून खरा उजेड सोडला. तिथे ते शोभतात, कारण ती अख्खी जागाच रंगमंचासारखी रचली आहे. इथे दोन देह आहेत आणि रात्र आहे.

त्या रात्रीकडेही तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. मोबाइलच्या पडद्यावर ती निव्वळ काळी दिसते, म्हणून उजेड वाढवून डावीकडे बघ. अंधारात फ्रान्सिसचा सोबती ब्रदर लिओ बसलाय. त्याच्याही पलीकडे शेकोटीजवळ मेंढपाळ आहेत, आणि क्षितिजावर फिकट पट्टा. मेंढपाळांनी त्या रात्री डोंगर उजळलेला पाहिला, अशी आख्यायिका आहे. इथे ते इतके दूर आणि लहान आहेत की पुढ्यातला दोघांचा एकांत आणखी गाढ होतो. मूळ चित्र अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात आहे. कधी तिकडे जाणं झालं, तर त्या डाव्या कोपऱ्यापुढे वेळ काढ.

आता पुन्हा बस. रंग नको. कागद चारकोलने पुरता काळा कर आणि खोडरबराने उजेड उचलत जा, आधी देवदूताचा खांदा, मग फ्रान्सिसचं कपाळ. चेहऱ्यावर भक्ती आणायच्या नादी लागू नकोस. बेशुद्ध माणसाचं वजन दुसऱ्याच्या हातावर कसं पडतं, तेवढं साध. घरात कुणाला तरी मागे रेलायला सांग आणि स्वतः धरून बघ, मनगटाला ताण कुठे येतो ते कळेल.

ते हात जमले की तेवढाच तुकडा पाठव.