नवीन लक्झरी एसयूव्ही लीजवर घ्यायची आहे, भाव कसा पाडून घ्यावा?

तुम्ही विचारलं आहे की वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे, मुलाचा रस्त्याच्या ठेकेदारीचा धंदा आहे, नागपूरच्या शोरूममध्ये ७० लाखाची डिझेल एसयूव्ही पसंत पडली आणि सेल्समन "चार वर्षांची लीज करा, महिन्याचे एवढे भरा अन् गाडी घेऊन जा" म्हणून राहिला, तं यात घासाघीस नेमकी कुठं करायची. मी यवतमाळ जिल्ह्यात ठेकेदार आणि जिनिंगवाल्यांचे हिशोब पाहतो, त्यांच्या गाड्यांचे लीजचे कागद माझ्या टेबलावर येतात, म्हणून जरा खोलात लिहितो.

आधी हे ठरवा की लीज, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्याने गाडी, कोणाच्या नावाने घेणार. तुमचं संत्र्याचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकर नाही, मग गाडीचं भाडं खर्च म्हणून दाखवायला जागाच नाही. मुलाच्या फर्मच्या नावाने घेतली तर धंद्यासाठी जितकी वापरली तितकं भाडं खर्चात धरता येते, तिथं लीजला काही अर्थ आहे. पण जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वळता करणं, अशा गाडीवर ठेकेदाराला मिळत नाही हे लक्षात ठेवा, सेल्समन म्हणेल मिळते, तर त्याला सांगा लिहून दे. आणि लीजवाले आयटीआर अन् बँकेचं स्टेटमेंट मागतात, निव्वळ सातबारा पाहून लीज देणारा मी तरी पाहिला नाही.

आता मुद्द्याचं. महिन्याच्या आकड्यावर घासाघीस करूच नका. व्यापारी बाग पाहायला आला की आपण एकदम उक्ता आकडा तोडतो का? झाडं पाहतो, फळ पाहतो, मोठं किती बारीक किती, मग भाव. तसंच इथं त्या आकड्याच्या पोटात काय काय आहे ते एकेक काढून मागा: गाडीची किंमत किती धरली, चार वर्षांनी ती केवढ्याची उरेल असं धरलं म्हणजे रेसिड्युअल व्हॅल्यू किती, व्याजाचा दर किती, आणि वर्षाला किती किलोमीटर चालवायची मुभा. हे चार आकडे कागदावर देत नसेल तर तिथून उठा, दुसरीकडं जा.

मोघम हिशोब करून दाखवतो. मोठ्या एसयूव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे ७० लाखाच्या गाडीची मूळ किंमत ५० लाख. चार वर्षांनी ती २० लाखाची राहील असं धरलं तर घसारा ३० लाख, ४८ महिन्यांत वाटला की ६२,५००. व्याज सरासरी ३५ लाखावर १० टक्क्यांनी, महिन्याचं २९,१६७. दोन्ही मिळून ९१,६६७, आणि या भाड्यावर पुन्हा गाडीवर लागते त्याच दराने म्हणजे ४० टक्के जीएसटी, की झाले १,२८,३३३. विमा आणि रोड टॅक्स यात नाही.

आता हलवून पाहा. रेसिड्युअल २० च्या जागी २५ लाख करून घेतली तर महिन्याचे ११,६६७ कमी होतात. व्याज एक टक्का पाडलं तर फक्त ४,००० च्या आसपास. मूळ किमतीत २ लाखाचा डिस्काउंट मिळवला तर ७,००० महिना. म्हणजे सगळे लोक व्याजाच्या पाव-अर्ध्या टक्क्यासाठी भांडून राहिले आणि खरा पैसा रेसिड्युअलमध्ये पडून आहे. दोन-तीन कंपन्यांकडून त्याच गाडीची रेसिड्युअल मागवा, नागपुरात त्याच मॉडेलची चार वर्षं जुनी गाडी आज कितीला विकून राहिली ते ऑनलाइन पाहा, आणि तो भाव समोर ठेवून बोला. जी गाडी जुनी झाल्यावर धरून विकते तिची लीज स्वस्त पडते, मग ती नवी थोडी महाग असली तरी. फक्त एक, शेवटी गाडी तुम्हालाच विकत घेऊन ठेवायची असेल तर जास्त रेसिड्युअल म्हणजे शेवटी जास्त पैसे, तेव्हा हे आधी घरात बसून ठरवा.

दुसरं खूप महत्त्वाचं, आणि इथं लोक फसतात. लीज कंपनी जी किंमत धरते ती जीएसटी धरून आहे का वगळून? खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेता का, हा सरळ प्रश्न कंपनीला विचारा. कारण त्यांनी ७० लाखच बेस धरला, वरून भाड्यावर ४० टक्के लावले, तर वरच्याच हिशोबात महिन्याचा आकडा जवळपास दोन लाखावर जातो. कर्जाने गाडी घेतली तर जीएसटी किमतीत एकदाच लागते, व्याजाच्या हप्त्यावर नाही. लीजमध्ये भाड्यातल्या व्याजावर पण लागते. म्हणून बँकेच्या कर्जाचं एक कोटेशन बाजूला ठेवूनच बसा. मोठ्या लक्झरी ब्रँडच्या स्वतःच्या फायनान्स कंपन्या असतात, ठरलेल्या किमतीला गाडी परत घ्यायची हमी असलेलं कर्ज पण काही ठिकाणी मिळते, तेही मागा. तुमच्या नावाने घ्यायची असेल तर मला तेच जास्त बरं वाटते, खरं सांगतो.

इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्केच आहे, भाड्यावर पण तेवढाच. वरचं ९१,६६७ चं भाडं इलेक्ट्रिक गाडीचं असतं तर ९६,२५० मध्ये झालं असतं. वरुडकडे चार्जिंगचं कसं, साइटवर कसं, ते तुम्ही पाहा, पण एक कोटेशन मागायला काय जाते.

रोड टॅक्सचं पण विचारा. महाराष्ट्रात २० लाखाच्या वरच्या डिझेल गाडीला व्यक्तीच्या नावाने १५ टक्के आणि कंपनीच्या नावाने २० टक्के, ७० लाखावर हा फरक साडेतीन लाखाच्या घरात जातो आणि फिरून फिरून तुमच्याच भाड्यात येतो. आरसी कोणाच्या नावाने निघणार, पाटी पांढरी की पिवळ्या अक्षरांची काळी, सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची, हे बुकिंगच्या आधी लेखी घ्या. काळ्या पाटीची गाडी दारात उभी राहिली की घरचे बोलतात.

आता किलोमीटर. शहरातल्या माणसाचा नमुना घेऊन हे लोक वर्षाला १५,००० टाकून देतात. तुमचं वरुड ते नागपूर जाऊन-येऊन दोनशेच्या घरात, आठवड्यातून एकदा गेले तरी वर्षाचे १०,००० तिथंच संपले. मुलाच्या साइट वेगळ्या, अमरावतीची कामं वेगळी, समृद्धीवरून एकदा मुंबई म्हणजे नागपूरपासून जाऊन-येऊन १,४०० किलोमीटर, आणि लग्नसराईत पाहुणे गाडी मागतात त्यांना नाही म्हणणं आपल्या इकडं जमत नाही. मर्यादेच्या वरच्या किलोमीटरला समजा २० रुपये दर आहे आणि वर्षाला १०,००० जास्त झाले, तर चार वर्षांत ८ लाख. म्हणून खरं रनिंग सांगून सुरुवातीलाच मोठी मर्यादा घ्या, ती नंतरच्या दंडापेक्षा स्वस्त पडते का ते ताडून पाहा, आणि हिशोब दरवर्षी न करता चार वर्षांचा एकत्र करा म्हणा. हे बरेचदा मान्य होते कारण त्यांच्या खिशातून लगेच काही जात नाही.

आणि परत देतानाची अट, याच्यावर सगळ्यात जास्त भांडा. गाडी परत घेताना ओरखडे, टायर, सीट, खालचा भाग सगळं तपासून पैसे कापतात. आपल्या इकडं पांदण रस्त्याने गेलं की दोन्ही बाजूंनी पऱ्हाट्या घासतात, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात बसते, रात्री रोही (नीलगाय) आडवा येते तं बंपर गेलाच समजा. नेहमीची झीज कशाला म्हणायचं, किती सेंटीमीटरचा ओरखडा माफ, टायरची नक्षी किती राहिली पाहिजे, हे फोटोसहित लिहून मागा. तपासणी त्यांचाच माणूस करणार असेल तर तिऱ्हाईताकडून दुसरी तपासणी करायचा हक्क करारात टाका. डिलिव्हरीच्या दिवशी उजेडात चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, गाडीखालचा पण.

विम्यात झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा कापत नाही) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत मिळते) दोन्ही घ्या. गाडी चोरी गेली किंवा पूर्ण खलास झाली तर विम्याचे पैसे लीज कंपनीकडे जातात, आणि त्यांचं येणं जास्त निघालं तर उरलेले तुमच्याकडून मागतात. मधातच लीज बंद केली तर किती लागतील तेही आधी विचारा, कारण ठेक्याची बिलं किती अडकतात हे तुमच्या मुलाला चांगलं माहीत असेल.

वेळ म्हणाल तर डिसेंबर आणि मार्चअखेर डीलर जास्त वाकतो. डिसेंबरात घेतली तर जानेवारी लागताच बांधणीचं साल मागचं होते हे लक्षात ठेवा, त्याने रेसिड्युअल पडते, डिस्काउंट त्यापेक्षा मोठा आहे का ते वरच्या हिशोबाने मोजा. आणि आंबिया बहाराचा पैसा हातात आला की एकरकमी मोठं डाउन पेमेंट द्यायची घाई करू नका. गाडी गेली की ते पैसे गेले, लीजमध्ये डिपॉझिट कमीत कमी ठेवलेलं बरं.

दोन-तीन कोटेशनं आली की नावं झाकून इथंच टाका, कोणतं किती खरं आहे ते मी आकडे मांडून सांगतो.