कोल्हापुरात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश कसा घ्यायचा, आणि मराठी माध्यमातल्या मुलीला ते झेपेल का?

झेपेल. पण आधी प्रवेशाचं नीट समजून घे, कारण चार वर्षांत घरच्यांवर किती बोजा पडणार हे तिथंच ठरतं. मी कोल्हापुरातच बी.एस्सी. नर्सिंग केलं, आता इथल्याच एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. तू लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते.

तू लिहिलंयस की दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता गारगोटीला बारावी सायन्स, नीट द्यायची इच्छा नाही, आणि कुणीतरी 'पन्नास हजार भरा, सीट पक्की' असं वडिलांना सांगून गेलाय. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. राज्यातल्या कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून होणाऱ्या, प्रवेशाला नीट लागत नाही. राज्याच्या सीईटी सेलची बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र प्रवेश परीक्षा (सीईटी) असते, इंजिनिअरिंग-फार्मसीवाली नव्हे. 100 प्रश्न, दीड तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड. बारावीला पीसीबी आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला 45 टक्के, राखीव गटाला 40. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वय 17 पूर्ण असलं पाहिजे. बारावीच्या निकालाची वाट बघत बसू नकोस, तोवर अर्जाची मुदत संपलेली असते.

खरी धावपळ कागदांची. जातीचा दाखला असला तरी जात पडताळणी वेगळी, आणि वेळ तिलाच लागतो. कॉलेजकडून सही-शिक्क्याचा फॉर्म घेऊन तो प्रस्ताव बारावीत असतानाच दाखल कर. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर हे सगळं सेतूतून किंवा आपले सरकारवरून निघतं, पण जून-जुलैत तिथं अख्खा तालुका उभा असतो. दहावीचं मार्कलिस्ट, आधार आणि शाळेचा दाखला तिन्हीवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, हे आजच बघ. आमच्या बॅचमधल्या एकीच्या वडिलांचं नाव एका कागदावर 'रावसो' आणि दुसऱ्यावर 'रावसाहेब' होतं, त्यापायी तिला पहिल्या फेरीच्या ऐन तोंडावर ॲफिडेव्हिट करत फिरावं लागलं.

मग कॅप. म्हणजे सीईटीच्या गुणांवर मेरिट लागतं, तू कॉलेजांचा पसंतीक्रम भरतेस, फेऱ्यांमधून सीट मिळते. या कॉलेजांची पदवी शिवाजी विद्यापीठाची नसते, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. कसबा बावड्यातलं डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठ आहे, तिथला प्रवेश आणि फी दोन्ही वेगळं.

आता पैशाचं. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास किंवा अभिमत विद्यापीठात गेलीस तर ही सवलत नाही. एजंट नेमकं हेच सांगत नाहीत. एससी-एसटीच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीची वेगळी सोय आहे, दोन्हींचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र या फी-सवलतीत येत नाही, तो धरून चाला.

पसंतीक्रम भरताना माझा एकच आग्रह आहे: कॉलेजची इमारत बघू नकोस, वॉर्ड बघ. पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रशिक्षण, कुठल्या हॉस्पिटलला असते, तिथल्या खाटा भरलेल्या असतात का, एका पेशंटभोवती किती विद्यार्थिनी उभ्या असतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचार. रिकाम्या वॉर्डात चार वर्षं काढून हात बसत नाही. आपल्याकडे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) सारख्या ठिकाणी कोकणापासून सीमाभागापर्यंतचे पेशंट येतात. अशा गर्दीच्या वॉर्डात जे शिकायला मिळतं ते पुस्तकात सापडत नाही.

अभ्यास आठ सेमिस्टरचा. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिओलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन एकदम अंगावर येतं, सगळं इंग्रजीत. तेवढे सहा महिने जड जातात. मी रोजचं लेक्चर रात्री मराठीत मोठ्यानं रूममेटला समजावून सांगायची, आणि उत्तर मात्र इंग्रजीत लिहून काढायची. लिहिण्याची सवय वाचनानं लागत नाही. वॉर्डात तर मराठी ही तुझी जमेची बाजू आहे. पहाटे इनटेक-आउटपुट चार्ट भरताना युरिन बॅगवरचं माप डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचं, रात्री सलाईन किती गेलं, आजींनी पाणी किती प्यायलं ते लिहायचं. मापात पाणी सापडतं, पण 'बाई, रात्री पाच-सहा घोट उलटून पडलं' हे आजी तुझ्याशीच बोलतील, आणि ते चार्टवर आलं नाही तर डॉक्टरांचा हिशेब चुकतो. निपाणी-चंदगडकडच्या पेशंटसाठी चार शब्द कानडीचेही शिकून घे.

मुली अडकतात त्या हजेरीत. थिअरी आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी असेल तरच परीक्षेला बसू देतात, आणि पदवी मिळण्याआधी वॉर्डाचे तास 100 टक्के भरावे लागतात. गावची जत्रा, चुलतभावाचं लग्न, सुगी, अशा सुट्ट्या साठल्या की मैत्रिणी घरी जातात आणि आपण राहिलेल्या ड्युट्या भरत बसतो. घरच्यांना हे प्रवेशाच्या दिवशीच सांगून ठेव. केस बुक आणि केअर प्लॅन ज्या त्या पोस्टिंगमध्येच लिहून सही घे, नंतर त्या सिस्टरांची बदली झालेली असते. मिडवाइफरीला (बाळंतपणाच्या विषयाला) रात्रीच्या पोस्टिंगा असतात, त्यांना घाबरू नकोस. आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिप, आठवड्याला 48 तास.

निकाल लागला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लगेच कर. ती झाल्याशिवाय कुठंही नर्स म्हणून काम करता येत नाही. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेलाही नोंदणी लागतेच. तिथं बी.एस्सी.वाल्यांना अनुभवाची अट नाही, जीएनएम या नर्सिंग डिप्लोमावाल्यांना दोन वर्षांची आहे. घरात जीएनएम की बी.एस्सी. हा वाद चालू असेल तर वडिलांना एवढं एक सांग.

जात पडताळणीचा प्रस्ताव भरताना कुठं अडलीस तर खाली लिही, मी बघते.