नवीन वैद्यकीय संशोधन रोजच्या प्रॅक्टिसमध्ये यायला इतकी वर्षं का लागतात? सीएमईने, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाने, खरंच फरक पडतो का?

पडतो, पण नुसती व्याख्यानं ऐकून फार थोडा. हजेरीची सही आणि क्रेडिट पॉइंट मिळतात, दुसऱ्या दिवशी प्रिस्क्रिप्शन मात्र जुनंच!

अडचण बहुतेकदा माहितीची नसतेच. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो, हे लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी 1972 मध्ये न्यूझीलंडमधल्या चाचणीतून दाखवलं. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने व्यापक वापराची शिफारस केली 1994 मध्ये. मधल्या काळात आणखी चाचण्या झाल्या, तरी दुष्परिणामांची धास्ती आणि सवय आडवी आली.

मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते स्वतःच्या नोंदी तपासणं. घसा दुखतो म्हणून आलेले शेवटचे पन्नास पेशंट काढा. किती जणांना अँटिबायोटिक दिलं, त्यातल्या किती जणांना गरज होती? तोच आकडा सहकाऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवला की चर्चा आपोआप रंगते. काही महिन्यांनी पुन्हा मोजायचं. ही पायरी बहुतेक ठिकाणी गळते. सुधारणा सहसा थोडीच दिसते, पण पेशंटची संख्या मोठी असल्याने तीही मोलाची.

औषध कंपनीच्या पैशाने भरलेल्या कार्यक्रमात मात्र कान उघडे ठेवून बसा. तिथे नवीन गोळी सुरू करायला शिकवतात, जुनी बंद करायला क्वचितच.