फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या पोर-क्रो बेटावर एका दिवसात पाहण्यासारखं काय आहे? फोटोत किनारा तर घाण दिसतो

तो तपकिरी ढिगारा बघून मीही नाक मुरडलं होतं. मार्सेलला नोकरीला असताना ऑक्टोबरात गेलो, तर बेटावरच्या ला पालूच्या किनाऱ्यावर वाळक्या फितींचा गुडघाभर थर. हातात घेतलं तर कॅसेटच्या टेपसारख्या पट्ट्या, मधेमधे काथ्यासारख्या तंतूंचे लिंबाएवढे गोळे. ही पोसिडोनियाची गळलेली पानं. शेवाळ नव्हे, मुळं-फुलं असलेली वनस्पती. समुद्रतळावर तिची कुरणं असतात आणि माशांची पिल्लं त्यांतच वाढतात. लाटांनी आणून टाकलेला हा थर हिवाळी वादळात वाळू धरून ठेवतो. बोटीच्या नांगराने कुरणाचा तुकडा उपटला की भरून यायला कित्येक दशकं जातात, म्हणून बोटींवर निर्बंध आहेत.

१९६३ पासून हे बेट आणि भोवतालचा समुद्र राष्ट्रीय उद्यान आहे. आकार जेमतेम सात चौरस किलोमीटर, गाडी नाही, सायकलही नाही. उत्तरेकडे छोट्या खाड्या, दक्षिणेला सरळ समुद्रात उतरणारे कडे. पाणी सोबत घ्या. मिस्ट्राल (उत्तरेकडून येणारा कोरडा वारा) जोरात असेल तर वणव्याच्या भीतीने आतल्या वाटा बंद ठेवतात, निघण्याआधी चौकशी करा.

झाडं बघताना आपलं ऋतुचक्र उलटं करा. तिथे पाऊस थंडीत, त्यामुळे झाडांची झोप उन्हाळ्यात. आपल्या शेराच्या कुळातलं एक झुडूप आहे, मोडलं तर तसाच पांढरा चीक येतो (डोळ्यांजवळ हात नेऊ नका). उन्हाळ्यात ते निष्पर्ण असतं. मी गेलो तेव्हा कोवळी पानं फुटत होती. शेजारी आर्ब्यूटस नावाच्या झाडाच्या एकाच फांदीवर पांढरी फुलं आणि लाल फळं, कारण फळ पिकायला वर्ष लागतं. चव मात्र बेताचीच.

पोहता येत असेल तर मास्क न्याच. उन्हाळ्यात ला पालूला पाण्याखाली माहिती-फलक लावलेली वाट असते. गोब्रा हा मासा तिथे शिकारीमुळे जवळजवळ संपला होता, बंदीनंतर परतला. त्याची प्रत्येक मादी पुढे नर होऊ शकते. मला दिसलेला खडकाच्या फटीतून तोंड बाहेर काढून बघत बसला, हलेना. मी मालवणचा, त्यामुळे आधी मनात आलं ते किती किलोचा असेल हेच.